विश्लेषण : निवडुंग तहानेने नव्हे, पाण्याने का मरतो? कमी देखभालीच्या काटेरी बागेचे गणित काय?

‘फार लक्ष द्यावे लागत नाही, आठवड्यातून एकदा पाणी घातले तरी पुरे,’ असे सांगून नर्सरीत निवडुंग आणि सक्युलंटची रोपे विकली जातात. खिडकीच्या ग्रीलमध्ये, चिंचोळ्या गॅलरीत किंवा ऑफिसच्या टेबलावर बाग फुलवू पाहणाऱ्यांना ती सोयीची वाटतात. मात्र हौसेने आणलेली यातली कित्येक रोपे पहिला पावसाळाही काढत नाहीत. वाळवंटात टिकणारे झाड घरात का दगावते, त्याला नेमके काय हवे असते आणि या छंदाची किंमत निसर्गाला मोजावी लागू नये म्हणून काय करावे, याविषयी…

घरात आधीपासूनच निवडुंग आहे का?

महाराष्ट्रातील अनेक घरांत निवडुंग वर्षानुवर्षे आहे, फक्त त्याला कोणी निवडुंग म्हणत नाही. पावसाळ्यात रात्री उमलणारे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवले जाणारे आणि सकाळपर्यंत मलूल होणारे पांढरेशुभ्र ‘ब्रह्मकमळ’ हा मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील जंगलांत झाडांच्या आधाराने वाढणारा निवडुंग आहे. ‘एपिफायलम ऑक्सिपेटॅलम’ हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याची पाने म्हणून जी ओळखली जातात, ती प्रत्यक्षात चपटी खोडे असतात. त्यांच्या कडेवर कळी फुटते ती त्यामुळेच. हिमालयात उंचावर फुलणारे आणि उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ वेगळे. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. सांगली-सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात शेतकरी लावू लागलेले ड्रॅगन फ्रूट हेही निवडुंगाचेच फळ.

सक्युलंटही मराठी घराला नवे नाहीत. तुळशीशेजारची कोरफड, पानाच्या कडेला पिल्ले फुटणारी पानफुटी, सकाळी दहाच्या सुमारास उमलणारे रंगीबेरंगी ऑफिस टाइम ही सगळी याच वर्गातली झाडे. म्हणजे ‘कॅक्टस-सक्युलंट’ ही इन्स्टाग्रामवरून आलेली नवी हौस वाटली, तरी त्यातली काही मंडळी आजीच्या अंगणातच होती.

निवडुंग आणि सक्युलंट यांत फरक काय?

पाने, खोड किंवा मुळे यांत पाणी साठवणाऱ्या मांसल वनस्पतींना सक्युलंट म्हणतात. हे एकच कूळ नाही. वेगवेगळ्या कुळांतील वनस्पतींनी कोरड्या हवामानावर शोधलेला तो एकसारखा उपाय आहे. निवडुंग, म्हणजे कॅक्टस, हे मात्र एक ठरावीक कूळ आहे. त्यात दीड हजारांच्या आसपास प्रजाती आहेत आणि एका प्रजातीचा अपवाद वगळता त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातल्या. जवळपास सर्व निवडुंग सक्युलंट असतात, पण सर्व सक्युलंट निवडुंग नसतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या निवडुंगाचे काटे एका लहानशा लोकरी ठिपक्यातून फुटतात. त्या ठिपक्याला एरिओल म्हणतात. काटे, फुले आणि नव्या फांद्या तिथूनच निघतात. मराठीत मात्र ‘निवडुंग’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. शेताच्या कुंपणाला लावला जाणारा त्रिधारी निवडुंग, शेर आणि थोर ही झाडे युफोर्बिया कुळातली आहेत. त्यांना एरिओल नसतात आणि फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हा फरक केवळ पुस्तकी नाही. हा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे छाटणी करणाऱ्याला तो माहीत असावाच लागतो.

इतक्या कमी पाण्यात ही झाडे जगतात कशी?

बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. त्याच वेळी त्या छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. वाळवंटात हा व्यवहार परवडणारा नसतो. म्हणून निवडुंग आणि बरेचसे सक्युलंट ही छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री, हवा थंड झाल्यावर उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा उजेड मिळाला की त्यापासून अन्न तयार होते. या पद्धतीला ‘कॅम’ असे संक्षिप्त नाव आहे.

या शोधाचा एक धागा भारताशी जुळतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिअभ्यासक बेंजामिन हाइन यांच्या लक्षात आले, की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दिवस चढेल तशी त्याची चव बेचव होत जाते. रात्रभर साठलेले आम्ल दिवसभरात खर्च होते, हे त्यामागचे कारण पुढे स्पष्ट झाले. (पानफुटीत विषारी घटकही असतात, त्यामुळे हा प्रयोग चाखून करू नये.)

निवडुंगाने आणखीही काटकसर केली आहे. पानांचे काटे झाले आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या खोडाकडे आले. काटे जनावरांपासून बचाव करतातच, शिवाय खोडावर बारीक सावली धरतात आणि वारा अडवतात. खोडावरच्या उभ्या घड्या पाणी मिळाले की फुगतात आणि टंचाईत आकसतात. मुळे बहुधा उथळ आणि पसरट असतात. थोडासा पाऊस पडला तरी ती पटकन पाणी शोषतात आणि मग माती लगेच कोरडी होते. घरातल्या कुंडीत नेमके हेच शेवटचे घडत नाही.

मग घरी आणलेली रोपे दगावतात का?

कुंडीतली माती सतत ओली राहिली की मातीच्या कणांमधल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात. मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती मरू लागतात आणि त्यांत बुरशी शिरते. कूज खालून वर चढते. वरून झाड ठणठणीत दिसत असते आणि एके दिवशी बोट लावताच बुडाशी लिबलिबीत लागते. तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी, की तहानलेले झाड आणि मुळे कुजलेले झाड ही दोन्ही सुरुवातीला सारखीच, सुरकुतलेली दिसतात. एकाला पाणी मिळालेले नसते, तर दुसऱ्याकडे पाणी भरपूर असूनही ते शोषायला मुळेच उरलेली नसतात. घरातील माणूस सुरकुत्या पाहतो आणि काळजीने आणखी पाणी घालतो. काळजीपोटी केलेल्या या चुकीने अनेक रोपे जातात.

फरक ओळखण्यासाठी पानांचा रंग आणि पोत पाहावा. तहानलेली पाने पातळ आणि मऊ होतात, पण रंग टिकवून असतात. पाणी जास्त झालेली पाने पिवळट, काचेसारखी पारदर्शक होतात आणि हात लावताच गळतात. शंका असल्यास एकदाच भरपूर पाणी देऊन चार-पाच दिवस थांबावे. झाड टवटवीत झाले, तर ते तहानलेले होते. नाही झाले, तर कुंडीतून काढून मुळे पाहावीत. पांढरी किंवा फिकट तपकिरी, घट्ट मुळे निरोगी असतात. काळी, ओढताच तुटणारी मुळे कुजलेली असतात.

कूज वरपर्यंत गेली नसेल, तर झाड वाचवता येते. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने, आतला गर पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत, कुजलेला भाग कापत जावे. उरलेला तुकडा सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर, जाड असल्यास त्याहून जास्त दिवस सुकू द्यावा. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली की तो कोरड्या मातीवर ठेवावा. पाणी मुळे फुटायला लागल्यावर, तेही बेताने द्यावे.

पाणी नेमके किती आणि कधी द्यावे?

‘आठवड्यातून एकदा’ किंवा ‘रोज दोन चमचे’ हे दोन्ही नियम फसवे आहेत. रोजच्या दोन चमच्यांनी वरचा थर कायम ओलसर राहतो आणि खालच्या मुळांना काहीच मिळत नाही. योग्य पद्धत म्हणजे पाणी देताना पोटभर द्यावे, कुंडीच्या तळाच्या छिद्रातून ते वाहून जाऊ द्यावे आणि नंतर माती पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबावे. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

माती कोरडी झाली की नाही, हे पाहण्यासाठी लाकडी काडी तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढावी. ओल किंवा माती चिकटून आली, तर पाणी देऊ नये. कुंडी उचलून पाहणे हा त्याहून सोपा उपाय. कोरडी आणि ओली कुंडी यांच्या वजनातला फरक दोन-तीनदा उचलल्यावर हाताला कळू लागतो.

उन्हाळ्यात, उन्हात ठेवलेल्या लहान कुंडीला आठ-दहा दिवसांनी पाणी लागू शकते. हिवाळ्यात हे अंतर दोन ते तीन आठवड्यांवर जाते. मात्र हे आकडे अंदाज म्हणूनच घ्यावेत, अंतिम निर्णय मातीचा. पाणी मातीवर द्यावे. झाडावर फवारे मारणे टाळावे, कारण पाकळ्यांसारख्या पानांच्या मध्यभागी साचलेला थेंबही कुजीला पुरतो.

हिवाळ्यातील कोरडी विश्रांती आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. अनेक वाळवंटी निवडुंगांना थंड आणि कोरडा काळ मिळाला, तरच ते पुढच्या हंगामात कळ्या धरतात. बारमाही पाणी पाजलेला निवडुंग हिरवागार दिसतो, पण फुलत नाही. मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम यांसारखे गोल निवडुंग मुठीएवढे असतानाच फुलू शकतात. गोल्डन बॅरलसारखा निवडुंग मात्र बराच मोठा झाल्याशिवाय फुलत नाही. त्यामुळे लहान कुंडीत त्याच्या फुलाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

माती आणि कुंडी कशी असावी?

नर्सरीतील रोपे बहुधा कोकोपीटमध्ये किंवा चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. नर्सरीवाल्याला वाहतुकीसाठी ते सोयीचे पडते, घरी मात्र हेच मिश्रण घातक ठरते. कोकोपीट पाणी दीर्घकाळ धरून ठेवते आणि एकदा पूर्ण वाळले, की पुन्हा सहज भिजत नाही. त्यामुळे रोप आणल्यावर आठ-पंधरा दिवस घरच्या हवेला सरावू द्यावे आणि मग माती बदलावी. पावसाळ्याच्या ऐन मध्यात ही खटपट करू नये.

मिश्रण घरी सहज तयार होते. एक भाग बागेची माती, एक भाग चाळून बारीक काढलेली आणि धुतलेली जाड वाळू, एक भाग विटांचे मुगाएवढे ते हरभऱ्याएवढे तुकडे, मूठभर कोळशाचे तुकडे आणि थोडेसे जुने गांडूळखत. विटांऐवजी पर्लाइट किंवा प्युमिसही चालते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू वापरू नये, तिच्यात क्षार असतात. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर भेगाळून मुळे तोडते, म्हणून ती टाळावी किंवा अगदी कमी घ्यावी. मिश्रण जमले की नाही, याची परीक्षा एकच. वरून ओतलेले पाणी काही सेकंदांत खाली उतरले पाहिजे.

कुंडी मातीची असेल तर उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडते. चिनी मातीचे कप, काचेचे बाउल, टेरेरियम फोटोत छान दिसतात. मात्र तळाला छिद्र नसेल, तर ते या झाडांसाठी हळूहळू भरणारे डबकेच असते. तळाशी खडी घातली म्हणजे छिद्राची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. पाणी कुंडीतच राहते, फक्त दिसत नाही. कुंडी रोपापेक्षा बोटभरच रुंद असावी. मोठ्या कुंडीतील जादा माती वाळायला जादा दिवस लागतात.

काटेरी रोप हलवताना वर्तमानपत्राची जाड पट्टी करून ती झाडाभोवती गुंडाळावी आणि तिची दोन टोके धरून झाड उचलावे. माती बदलल्यावर लगेच पाणी देऊ नये. दुखावलेली मुळे सुकायला आठवडाभर वेळ द्यावा.

ऊन किती लागते?

‘इनडोअर प्लांट’ म्हणून विकला जाणारा काटेरी निवडुंग बैठकीतील टीपॉयवर फार तर तग धरतो, वाढत नाही. उजेड कमी पडला की तो फिकट आणि बारीक होत उजेडाच्या दिशेने लांबत जातो. हे लांबणे वाढ म्हणून कौतुकाचे वाटते. प्रत्यक्षात ते उपासमारीचे लक्षण असते आणि तेवढा भाग पुन्हा कधीच पूर्ववत जाड होत नाही. बहुतेक निवडुंगांना रोज किमान चार तास थेट ऊन हवे. खिडकीत जागा नसेल, तर हॉवर्थिया, गॅस्टेरिया आणि स्नेक प्लांट हे कमी उजेडातले पर्याय आहेत. ब्रह्मकमळ जंगलातले असल्याने त्यालाही कडक ऊन नको, सावलीत गाळून आलेला उजेड हवा.

उलट चूकही तितकीच सामान्य आहे. नर्सरीतल्या हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप आणून थेट एप्रिलच्या गच्चीवर ठेवले, तर ते अक्षरशः भाजते. पांढरट-तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने ऊन वाढवावे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या उन्हाळ्यात तर निवडुंगालाही दुपारी जाळीची सावली द्यावी लागते. वाळवंटात मुळे खोल थंड मातीत किंवा खडकाच्या आडोशाला जाऊ शकतात, तापलेल्या कुंडीत त्यांना पळायला जागा नसते.

पावसाळ्यात काय करावे?

या छंदाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत असते. निवडुंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील टूसॉन शहरात वर्षभरात सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत केवळ पावसाळ्याची सरासरी २००० मिलिमीटरच्या पुढे जाते. त्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसते आणि हवेतली दमट ओल माती वाळू देत नाही. म्हणजे वाळवंटी झाडासाठी सर्व प्रतिकूल गोष्टी एकाच वेळी.

मेअखेरीस कुंड्या पावसाच्या झडीपासून दूर, पण उजेड येईल अशा जागी घ्याव्यात. गच्चीवर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिकचे छत पुरते, मात्र बाजू उघड्या हव्यात. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत, मधून वारा खेळला पाहिजे. कोकण आणि मुंबईत या काळात बहुतेक निवडुंगांना महिना महिना पाणी दिले नाही, तरी बिघडत नाही.

याच काळात कीडही वाढते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. पुंजके थोडे असतील, तर कानकोरणीसारखा कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका पुसावा आणि रोप वेगळे ठेवावे. जास्त असल्यास निमतेलाची फवारणी संध्याकाळी करावी. उन्हात तेल फवारले, तर झाड करपते. मुळांवरही हा किडा बसतो, म्हणून विनाकारण खुरटलेले रोप एकदा उपटून पाहावे.

सुरुवात कोणत्या रोपांनी करावी?

याचे उत्तर आवडीपेक्षा गावावर अवलंबून आहे. गुलाबाच्या आकाराची, निळसर-गुलाबी झाक असलेली एचेव्हेरिया सर्वाधिक मोहात पाडते. तिला थंड रात्री आवडतात. पुणे, नाशिक, सातारा परिसरात ती हिवाळ्यात सुंदर दिसते, मुंबई-ठाण्याच्या घामट उकाड्यात मात्र लवकर सडते. दमट शहरांत जेड, स्नेक प्लांट, हॉवर्थिया, युफोर्बिया मिली, अडेनियम आणि अर्थातच कोरफड यांनी सुरुवात करावी. अडेनियम हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. ते मेले समजून पाणी वाढवू नये. ही चार-पाच रोपे एक पावसाळा काढून बाहेर आली, की मग निवडुंगांकडे वळावे. त्यात जिम्नोकॅलिशियम, मॅमिलेरिया आणि उभ्या खांबासारखे सिरियस तुलनेने सोशिक.

खरेदी करताना काय पाहावे?

सर्वांत खपणारे रोप म्हणजे लाल, पिवळ्या किंवा केशरी गोळ्याचा ‘मून कॅक्टस’. ते एक नव्हे, दोन निवडुंगांचे कलम असते. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्यच नसल्याने तो स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. खालचा हिरवा खुंट, जो बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो, त्याला पोसतो. दोघांच्या वाढीचा वेग जुळत नाही, त्यामुळे ही जोडी काही वर्षांतच तुटते. ते झाड मेले, तर दोष प्रत्येक वेळी मालकाचा नसतो.

निळे-जांभळे चकचकीत निवडुंग रंग फवारलेले असतात आणि तो थर झाडाचा उजेड अडवतो. गोल निवडुंगाच्या डोक्यावर बारा महिने टवटवीत दिसणारे फूल वाळक्या फुलाला गोंदाने चिकटवलेले असू शकते. मातीवर गोंदाने घट्ट बसवलेले खडे पाणी आणि हवा दोन्ही अडवतात. घेण्याआधी बूड हलकेच दाबून पाहावे. ते घट्ट असावे, डगमगू नये.

काटे, चीक आणि घरातील मुले यांचे काय?

सर्वांत त्रासदायक काटे मोठे नव्हे, लहान असतात. फड्या निवडुंगाच्या जातीत, अगदी ‘सशाचे कान’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मऊ दिसणाऱ्या रोपातही, केसांसारखे सूक्ष्म आकडेदार काटे असतात. हात लागताच ते डझनांनी कातडीत रुततात. ते चोळू नयेत. चिकटपट्टी दाबून ओढावी आणि उरलेले चिमट्याने काढावेत. रांगते मूल असलेल्या घरात ही जात नकोच.

युफोर्बिया आणि अडेनियम छाटताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. चीक डोळ्यांत गेल्यास डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. कलांचो आणि जेड ही रोपे कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. हॉवर्थिया आणि एचेव्हेरिया त्यामानाने सुरक्षित मानल्या जातात.

काटेरी झाड घरात अशुभ, ही समजूत अनेक कुटुंबांत आहे. ती पाळायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. अंगणातून ये-जा करणाऱ्यांना बोचू नये, ही व्यावहारिक काळजी मात्र रास्तच आहे. कॉम्प्युटरशेजारी निवडुंग ठेवला की तो ‘रेडिएशन’ शोषून घेतो, या प्रचाराला शास्त्रीय आधार नाही. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरे, पण एक-दोन कुंड्यांनी खोलीच्या हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

या छंदाचा निसर्गाशी संबंध काय?

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यांकनात, अभ्यासलेल्या निवडुंगांपैकी ३१ टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. शेती आणि बांधकामांबरोबरच संग्राहकांसाठी होणारी चोरटी तोड हे त्यामागचे एक मोठे कारण. २०२० मध्ये इटलीत एका धाडीत चिलीच्या अटाकामा वाळवंटातून आणलेले हजाराहून अधिक दुर्मीळ निवडुंग सापडले. त्यातले शेकडो पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवण्यात आले. मंद वाढीमुळे मुठीएवढा निवडुंगही कित्येक दशकांचा असू शकतो. वन्य वनस्पतींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात जवळपास संपूर्ण निवडुंग कूळ समाविष्ट आहे आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून स्वस्तात मागवलेले किंवा प्रवासातून बॅगेत आणलेले रोप बेकायदा ठरू शकते.

दुसरी बाजू उलटी आहे. नको तिथे पोहोचलेला निवडुंग आवरत नाही. ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंगाने एकेकाळी सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. भारतात किरमिजी रंगासाठी १७९५ मध्ये ब्राझीलमधून किडे आणले गेले. ते चुकीच्या जातीचे निघाले. त्यांच्यापासून चांगला रंग मिळाला नाही, पण निवडुंगाच्या एका जातीचा त्यांनी फडशा पाडला. माजलेल्या निवडुंगावर पुढे हाच कीटकांचा उपाय जाणूनबुजून योजला गेला. तेव्हा छाटलेले तुकडे टेकडीवर किंवा नाल्यात टाकू नयेत, पडल्या जागी ते रुजतात.

तिसरी गोष्ट अगदी घराजवळची. सह्याद्रीच्या कड्यांवर, जुन्नरजवळच्या शिवनेरीच्या परिसरात एक दुर्मीळ मांसल खोडाची वनस्पती आढळते. शिंदळ माकुडी किंवा शिवसुमन ही तिची नावे. तत्कालीन मुंबई प्रांताचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव मिळाले. पावसात पाने, लालसर तारकेसारखी फुले आणि उन्हाळ्यात नुसते उघडे खोड, असा तिचा क्रम. महाराष्ट्राबाहेर ती नैसर्गिकरीत्या सापडत नाही. ट्रेकला गेल्यावर असे रोप दिसले, तर फोटो काढावा, पण नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये आणि फांदी तोडून आणू नये.

त्याची गरजही नाही. जेडची फांदी, हॉवर्थियाचे पिल्लू, ब्रह्मकमळाचा वीतभर तुकडा शेजारी किंवा नातेवाईक आनंदाने देतात. त्याला खर्च नाही, शिवाय ते रोप त्याच गावच्या पावसात तगलेले असते. तुकडा आणल्यावर तो चार-आठ दिवस सावलीत सुकवावा आणि मगच लावावा. लावल्या लावल्या पाणी मात्र घालू नये.